बांधावरच्या मुठी

आवणीचे, म्हणजे भात लावायचे दिवस आले, की हल्ली मला एक उंच, गोरीपान बाई पाण्याची बादली घेऊन शेतातून धावताना दिसते. मी भिवंडीत माझ्या शिलाई मशीनवर बसलेली असेन, नाहीतर माहेरच्या वाटेवर रिक्षात. बाई धावतेच आहे, बादली हिंदकळतेच आहे, आणि मागून माझी आई बोंबलतेय, "अगं बाय माजे, इजवू नको! इजवू नको!"

तिचं नाव फेमके. हॉलंडची. वळ गावच्या एका गोदामात सामान आपोआप पुढे सरकवणारे पट्टे बसवायला तिच्या कंपनीनं तिला पाठवलं होतं, आणि माझ्या भावानं, दिगूनं, खारबावकडच्या आमच्या गावात बांधलेल्या नव्या घराचा वरचा मजला तिला भाड्यानं दिला होता. खाली आई आणि दिगूचं कुटुंब, वर फेमके. मराठी तिला अजिबात येत नव्हतं. हिंदी मात्र धडाधड बोलायची, कारण ते ती गोदामातल्या हमालांकडून आणि ट्रकवाल्यांकडून शिकली होती. पहिल्याच भेटीत तिनं माझ्या खांद्यावर थाप मारून "क्या बोलती, दीदी?" असं विचारलं. आता अशा बाईला काय उत्तर द्यायचं, सांगा.

बादलीची हकीकत गेल्या उन्हाळ्यातली. आईनं शेताच्या कोपऱ्यात राब भाजायला घेतला होता. भाताचं बी आधी एका लहान तुकड्यात दाट पेरतात, तो राब. पेरण्याआधी त्याच्यावर शेण, पालापाचोळा, वाळक्या फांद्या पसरून पेटवून देतात, म्हणजे तण मरतं आणि माती भुसभुशीत होते. आमच्या डोळ्यांना त्यात बघण्यासारखं काही नाही. फेमकेनं वरच्या गॅलरीतून पाहिलं ते असं, की एक म्हातारी स्वतःच्या हातानं स्वतःच्या शेताला काडी लावतेय आणि कमरेवर हात ठेवून निवांत बघत उभी आहे. बाई न्हाणीघरातली बादली उचलून जी सुटली ती अनवाणीच. राबाचा एक कोपरा विझला, राखेचा लगदा झाला. आईनं आधी कपाळाला हात लावला, मग पदर तोंडात कोंबून हसत सुटली. फेमके तिथंच उभी, पायाला राख, तोंड उघडं. तिला काहीच समजत नव्हतं आणि आम्हाला हसू आवरत नव्हतं.

मग तर तिला धक्क्यांवर धक्के. तिचा देश म्हणे समुद्रापेक्षा खाली आहे. शेतात पाणी शिरलं की तिथं माणसं घाबरतात, पंप लावून रात्रंदिवस उपसतात. आणि इथं? इथं आषाढात एका शेजारच्या म्हाताऱ्यानं चांगला बांध फोडून पाणी आत घेतलं. ती छत्री धरून उभी होती. "दीदी, ये जानबूझ के किया?" मी म्हटलं, जानबूझ के. तिनं दोन्ही हात गालांवर ठेवले. एवढी मोठी इंजिनीअर, पण धक्का बसला की गालांवर हात ठेवायची, शाळकरी पोरीसारखे.

रोप उपटताना बघून तर तिला रडूच यायचं बाकी होतं. हिरवीगार, वीतभर वाढलेली, वाऱ्यावर डुलणारी रोपं. ती रोज गॅलरीतून त्यांचे फोटो काढायची. एका सकाळी बघते तर शेजारच्या राबात बायका ओळीनं बसलेल्या आणि सरसर सगळं मुळासकट उपटतायत. उपटायचं, मुळांची माती जावी म्हणून पायावर आपटायचं, पेंढ्यानं बांधून मूठ करायची, फेकायची. "जिंदा है, दीदी! जिंदा को क्यों निकाला?" आता तिला काय सांगू? मी आपलं सांगितलं, इथं दाटीत राहिलं तर वाढणार नाही, मोकळ्या चिखलात लावलं की पसरेल. तिनं मान हलवली, पण पटलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्या उघड्या राबाकडे बघत बसली.

आणि लावताना आम्ही मागे मागे जातो, याची तिला फारच भीती. वाकायचं, रोवायचं, एक पाऊल मागं. वाकायचं, रोवायचं, एक पाऊल मागं. तिच्या गोदामात गाडी मागे घ्यायची असेल तर भोंगा वाजवावा लागतो, एक माणूस झेंडी दाखवत उभा करावा लागतो. "और तुम लोग पीछे देखता भी नहीं!" मी म्हटलं, बाई, मागे चिखलच आहे, पडलो तर चिखलात पडू. खरं सांगते, ती येईपर्यंत माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं, की आम्ही अख्खं शेत पाठमोऱ्यानं लावतो आणि डोळ्यांसमोर फक्त लावून झालेलंच असतं. लहानपणापासून मी हे केलंय. भाकरी आणि सुकटीची चटणी खाऊन, हात चिखलाचे, पोट भरलेलं, पाठ मोडलेली. कधी म्हणून विचार केला नाही. परक्याच्या डोळ्यांनी आपलं बघणं सोपं नसतं. आपल्याला आपलंच जरा वेड्यासारखं वाटायला लागतं.

पण एका गोष्टीचा धक्का तिला बसला आणि आम्हाला बसला नाही, याचा मला अजून राग येतो. आमच्या दोन खाचरांना लागून अमिना खालांचं शेत होतं. खालांचं घर पलीकडच्या आळीत, कोकणी मुसलमानांचं जुनं घर. खाला आणि आई एकाच वर्षी नवऱ्या होऊन या गावात आल्या. तेव्हापासून सावड. आज आईच्या शेतात खाला, उद्या खालांच्या शेतात आई. मजुरी नाही, हिशेब नाही. मी पाळण्यात असताना मला म्हणे खालांनीच बांधावर गप्प केलं होतं. खालांची शेतं दोन, आमच्या लगतचं हे खालचं आणि एक वरचं. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलांनी हे खालचं शेत गोदामासाठी दिलं आणि ट्रकच्या ट्रक लाल माती येऊन पडायला लागली. शेत आमच्या बांधाच्या वर गेलं, मग आमच्या कमरेच्या वर गेलं. आम्ही बघत होतो. काल्हेरपासून इथपर्यंत हेच चाललंय, त्यात काय बघायचं? फेमके मात्र भरावाच्या कडेला जाऊन उभी राहिली, खाली वाकली, पुन्हा उभी राहिली आणि दिगूला म्हणाली, "भाई, पानी किधर जाएगा?"

दिगू हसला. "जाएगा किधर भी. पानी को रास्ता मालूम होता है."

पाण्याला रस्ता ठाऊक होता, तो आमच्या राबातून. जोराचा पाऊस लागला आणि जे पाणी पूर्वी खालांच्या शेतातून उतरून ओढ्याला जायचं, ते भरावाला अडून आमच्या कोपऱ्यात तुंबलं. आईचा राब पाण्याखाली गेला. पाणी ओसरलं तेव्हा रोप पिवळं पडून कुजलं होतं. वासही यायला लागला होता. शिव्या द्यायला आई काही कमी नाही, पण त्या दिवशी नाही. फक्त खालांच्या आळीवरून जाताना पदर पुढं ओढून घ्यायला लागली. खालाही आमच्या दारावरून जाईनाशा झाल्या. इतक्या वर्षांची सावड, आणि दोघींचं बोलणं बंद.

मी मुद्दाम चार दिवस माहेरी येऊन राहिले, कारण मला दिगूचं लक्षण दिसत होतं. वाईट नाही माझा भाऊ. आईच्या कमरेसाठी पट्टा आणतो, डॉक्टरकडे नेतो. पण त्यानं स्पष्ट सांगून टाकलं, "आये, रोप न्हाय तं शेत पडीक राहणार. पडीकच राहायचं तं दिवाळी झाली का आपन पन भराव टाकू. मग रडायचं न्हाय."

आई म्हणाली, "बरं."

आणि दुसऱ्या दिवशी तिनं पॉवर टिलरवाल्याला बोलावून दोन्ही खाचरांची चिखलणी करून घेतली. रोप नाही, एक काडी नाही, आणि चिखल मात्र लोण्यासारखा मऊ करून ठेवला! दिगूनं डोकं धरलं. फेमके तर माझा हात धरून विचारते, "दीदी, प्लांट नहीं है, फिर ये क्यों?" तिच्या हिशोबात हे शुद्ध वेडेपण होतं. सामान यायचं नाही आणि गोदाम झाडून ठेवलंय.

पण आमच्या गावात रोप मागत नाहीत. विकत नाहीत आणि मागतही नाहीत. ज्याची आवणी उरकते, त्याच्याकडे चार मुठी उरतातच. तो संध्याकाळी घरी जाताना त्या कुणाच्या तरी बांधावर मुळं ओल्यात राहतील अशा ठेवून जातो. ज्याचा चिखल तयार आहे आणि रोप नाही, त्याच्या बांधावर. ठेवणारा बोलत नाही, घेणारा विचारत नाही. विचारलं तर उपकार होतात. चिखल करून ठेवला की झालं, बघणाऱ्याला कळतं. अडचण एवढीच, की बघणारे आता राहिलेत किती? आमच्या पट्ट्यात आवणी करणारी घरं बोटांवर मोजावीत. आई रोज संध्याकाळी दारात बसून बांधाकडे बघायची. कुणी यायचं नाही. चिखल बसायला लागला, वर पाणी निवळायला लागलं. मला वाटलं, संपलं.

मग ती सकाळ. फेमके ड्युटीवर जाण्याआधी खाली चहाला आली. पावसात भिजलेली, ढोपरापर्यंत चिखल, आणि चेहऱ्यावर असा आनंद की जणू बक्षीस मिळालंय. म्हणाली, काल अंधारायच्या सुमाराला तिनं गॅलरीतून बघितलं. अमिना चाची डोक्यावरून मुठी घेऊन आल्या, आमच्या बांधावर टेकवल्या, इकडंतिकडं बघितलं आणि तशाच घाईनं निघून गेल्या. विसरल्या बिचाऱ्या! रात्रभर पाऊस. म्हणून सकाळी उठून हिनं गोदामातला प्लॅस्टिकचा क्रेट घेतला, सगळ्या मुठी त्यात नीट रचल्या आणि चाचींच्या दारात नेऊन पोचवल्या. "चाची, आपका सामान रह गया था!"

मी हातातली बशी खाली ठेवली आणि विचारलं,

"उन्होंने क्या बोला?"

"पूछा, कहाँ से लाई. मैंने इधर दिखाया, अपना घर."

आईला हिंदी बोलता येत नाही, पण समजतं सगळं. ती पाटावर बसली होती, ती हळूच भिंतीला टेकली. इतक्या दिवसांनी खालांनी हात पुढं केला होता, तोंडानं नाही तर रोपानं, जसा आमच्यात करतात तसा. आणि तो आमच्याच घरातून, आमच्याच पाहुणीच्या हातानं, क्रेटमध्ये भरून परत गेला होता. गावात रोप परत करणं म्हणजे काय, ते मी लिहूसुद्धा शकत नाही. माझ्या उभ्या आयुष्यात मी कुणी रोप परत केल्याचं ऐकलेलं नाही. भांडणातसुद्धा नाही.

मी फेमकेला सगळं सांगितलं. राग आला होता, तो गिळून सांगितलं. तिचे हात गालांवर गेले आणि तिथंच राहिले. डोळ्यांतून घळाघळा पाणी. "मैं जाती है, मैं बोलती है," म्हणून निघाली. आई म्हणाली, "थांबव तिला. आता कोन काय बोलनार." आणि उठून मागच्या दारानं शेताकडे गेली. मला वाटलं, चिखलाकडे शेवटचं बघायला गेली. आम्ही दोघी तिच्या मागे.

आम्ही बांधावर पोचतो तोच समोरून अमिना खाला. डोक्यावर तो निळा क्रेट, ओढणी भिजून चिकटलेली, आणि तोंड सुटलेलं. "रोप नको व्हता तं नको व्हता! पन परक्या पोरीच्या हातात पाठवतंस, पारू? तू सोता यायचा व्हतास नं! माज्या तोंडावर फेकायचा व्हतास!"

आईही काही गप्प बसणारी नाही. "तोंडावर फेकायला तू तोंड दाखवलंस काय? माजा राब कुजला तवा कय व्हतीस? एक डाव बांधावर आलीस काय?"

"काय तोंड घेऊन येऊ? पोरांनी माती टाकली, मना इचारलं तरी काय?"

"तं ते सांगायला आलीस काय?"

पाऊस धो धो पडतोय, दोन म्हाताऱ्या बांधाच्या दोन बाजूंना, आणि मध्ये फेमके हात जोडून, "मेरा गलती! माँजी, चाची, मेरा गलती!" दोघींनी एकदम तिच्याकडे बघितलं. खालांनीच आधी नजर खाली वळवली. क्रेट उतरवून बांधावर ठेवला.

"हिला काय ठावं. पोर हाय ती," खाला म्हणाल्या. मग आवाज अगदी खाली आणून, "सारा पानी तुज्याकडं आला, पारू. मी पन बघत व्हती."

आईनं एक मूठ उचलली. मुळं बोटांनी चाचपली, पातं डोळ्यांजवळ नेलं. "रोप सुकाया लागलंय," ती म्हणाली. "उभी काय ऱ्हातंस? ये आत."

आणि दोघी चिखलात उतरल्या. मी उतरले. फेमकेनं ड्युटीचे बूट बांधावर काढले आणि तीही उतरली. तिला रोप धरता येईना, उलटी पावलं टाकता येईनात. पहिल्याच ओळीत ती मागे चिखलात बसली. भोंगा वाजवला नाहीस, मी म्हटलं. मग जे हसू फुटलं, ते कुणालाच आवरेना. क्रेटमधल्या मुठी संपल्या तेव्हा खाला तशाच भिजत घरी गेल्या आणि उरलेला राब उपटून घेऊन आल्या. दिगू आवाज ऐकून बाहेर आला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात गाडीची किल्ली. खाला वाकलेल्या तशाच ओरडल्या, "दिगू, बघतंस काय? मुठी फेक!"

त्यानं किल्ली खिशात घातली, पँट दुमडली आणि तो बांधावरून एकेक मूठ आत फेकायला लागला. भरावाचं तो त्या दिवाळीला बोलला नाही.

फेमके डिसेंबरात परत गेली. यंदा पाऊस लागण्याआधी दिगूनं स्वतः मोठा पाइप टाकून कोपऱ्यातलं पाणी ओढ्याला काढून दिलं. आईचा राब झकास आला. मी आनंदानं आवणीला आले. आणि परवा सकाळी उठून बघते तर आमचा सगळा बांध मुठींनी भरलेला. चार-सहा नाहीत. इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत.

मला वाटलं, खालांनी प्रेमानं ठेवल्या असतील. आईनं एकच नजर टाकली आणि तिचा चेहरा उतरला. "ही उरलेली न्हाईत," ती म्हणाली. "हा सगला राब हाय."

आम्ही खालांच्या वरच्या शेताकडे गेलो. त्यांचं ते एकच राहिलं होतं. तिथं लाल माती. पावसाची उघडीप बघून मुलांनी ट्रक लावले होते. खालांनी घरामागच्या उंचवट्यावर राब पेरला होता, वाढवला होता, आणि लावायच्या वेळी शेतच नव्हतं. गेल्या वर्षी आमच्याकडे शेत होतं आणि रोप नव्हतं. मी तिथं उभी राहिले आणि पहिल्यांदा माझेच हात माझ्या गालांवर गेले.

खाला दारात बसल्या होत्या. आईनं काही विचारलं नाही. "चल," म्हणाली, "वरलं खाचर तुजं. तुजं रोप तू लाव."

"आनि तुजं रोप?"

"ते ऱ्हाऊदे."

तर आज वरच्या खाचरात अमिना खालांचं रोप लागतंय आणि खालच्यात आमचं. आणि आमच्या निम्म्या मुठी उरल्यात, त्या बांधावर आहेत. दुपारी फेमकेचा व्हिडिओ कॉल आला. ती तिच्या स्वयंपाकघरात, मागं ऊन. मी फोन फिरवून तिला सगळं दाखवलं. चिखल, खाला, आई, दिगूचा पाइप. बांध दिसल्यावर ती ओरडली, "दीदी, ये किसका रह गया?" आणि लगेच स्वतःच हसायला लागली. "नहीं, नहीं! मैं नहीं उठाएगी! मालूम है मेरे को! कौन लेगा ये?"

मी आजूबाजूला बघितलं. एका अंगाला गोदामाचे पत्रे, दुसऱ्या अंगाला लाल माती. पलीकडच्या वाटेवर कुणाचाच चिखल तयार नव्हता.

"आएगा कोई," मी म्हटलं.

आई वाकलेलीच होती. मान न उचलता म्हणाली, "कशाला खोटं बोलतंस तिच्याशी?"

"माँजी क्या बोली?" फेमके विचारत होती. "दीदी? क्या बोली?"

खालांनीच हातातलं रोप रोवलं, एक पाऊल मागे आल्या आणि फोनकडे बघून सांगितलं, "बोली, कोई नहीं है."